आनंदरावांची इर्जिक

भोंगवलीच्या लोकांनी आनंदरावांना एक गोष्ट कधी माफ केली नाही. गावातला पहिला बी.एस्सी., पुण्याच्या कॉलेजात शिकलेला, कोट-टोपी घालणारा गडी. आणि परत आला तो थेट वेल्ह्याच्या डोंगरात म्हशींमागं बसायला! अरे, मामलेदार हो, मास्तर हो, गेलाबाजार जंगलखात्यात चिकट. छे! नाव नको.

"तिकडं काय करतोस रं?" चावडीवर बसलेले विचारायचे.

"म्हशी बघतो."

"म्हंजी राखतोस?"

"राखतो म्हादू धनगर. मी नुसता बघतो."

मग चावडी खो-खो हसायची. "आमी बी जल्मभर बघतोयच की! आमाला न्हाई कुनी त्याचा पगार दिला!"

आता ह्यांना काय समजावायचं, कपाळ! पुण्यातल्या एका विद्वान मंडळाने आनंदरावांना थोडं वेतन बांधून दिलं होतं, जनावरांच्या वागण्याचा अभ्यास करायला. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, राजगड समोर दिसतो अशा माळावर म्हादूचा धनगरवाडा होता, आणि त्याच्या म्हशींचा कळप. आनंदरावांचा प्रश्न साधा होता. कळप चरता चरता एकाएकी उठतो आणि दुसऱ्या माळाकडे चालू लागतो, तो कुणाच्या सांगण्यावरून? म्हादू तर हाकत नाही, तो झाडाखाली आडवा पडलेला असतो. मग ठरवतं कोण?

पहिले काही आठवडे नुसते फुकट गेले. आनंदराव खडकावर जाऊन बसले की सगळा कळप चरणं सोडून त्यांच्याकडे तोंड करून उभा. ते म्हशींकडे बघतायत आणि म्हशी त्यांच्याकडे! शेवटी म्हादूलाच त्यांची दया आली.

"मास्तर, तुमी कोट घालून नगा येऊ. आन् रोज जागा नगा बदलू." त्याने आपली जुनी घोंगडी काढून दिली. "ही पांघरा. बसा गप. जनावराला कळलं ना आपल्याला कुनी बघतंय, की त्ये जनावर ऱ्हात न्हाई, सोंग घेतंय. इसरू द्या त्यास्नी तुमाला."

आनंदराव घोंगडी पांघरून बसले. हळूहळू म्हशी त्यांना विसरल्या. एक रेडकू तर त्यांच्या पाठीला अंग घासून जायचं. तेव्हा कुठं कळप खरा दिसायला लागला. पुढं चालणारी दांडगी म्हैस पुढारीण नव्हतीच. एक भाकड, शिंगं मोडलेली म्हातारी म्हैस आधी उठायची आणि उगीच उभी राहायची. मग दुसरी उठायची, मग तिसरी. म्हातारी जितकी सावकाश चाले तितकाच कळप सावकाश चाले. आनंदरावांना आनंदाने वेड लागायचं बाकी राहिलं. त्यांनी तो सगळा मजकूर नीट मांडून पुण्याला पाठवला.

मंडळाचं उत्तर आलं. काम मनोरंजक आहे, पण काळ कठीण आला आहे, मंदी आहे, तेव्हा वेतन पुढे चालू ठेवता येत नाही. खाली कुणीतरी ताजा कलम जोडला होता की म्हशींचं दूध कशाने वाढेल याबद्दल काही हाती लागलं असल्यास जरूर कळवावं.

"दूध!" आनंदराव माळावर एकटेच ओरडले. "एवढं सांगितलं ह्यांना, आणि ह्यांचं आपलं दूध!" पालथ्या घड्यावर पाणी. म्हादूने त्यांना ताक दिलं, घोंगडी मात्र परत घेतली नाही. "ऱ्हाऊ द्या. कुटं ना कुटं बसावं लागंलच तुमाला," तो म्हणाला.

मग पुढची काही वर्षं जी गेली ती सांगण्यासारखी नाहीत. शाळेत जागा नव्हती. भोर संस्थानच्या कचेरीत अर्ज केले, ते पडून राहिले. लग्न झालं होतं, आणि त्यांची बायको रतनबाई तोंडाची फटकळ. "म्हशी तर म्हशी, पन एखादी दारात तरी बांधायची हुती," ती म्हणायची, "निदान च्या तरी दुधाचा झाला असता." आनंदराव कोरा चहा पिऊन पुढचा अर्ज लिहायला घ्यायचे. ती खरंच बोलत होती.

त्या दिवसांत त्यांना आधार होता तो ठकुआत्याचा. ठकुबाई ही त्यांच्या वडिलांची बहीण. हिर्डोशीला दिलेली, लवकर विधवा झालेली, तिथून भोरात येऊन राहिलेली. आनंदरावांची आई लहानपणीच गेली, तेव्हा शाळेसाठी त्यांना भोरात आपल्याजवळ ठेवून घेतलं ते ह्याच आत्याने. लोकांची धुणीभांडी करून तिने पोराला जेवू घातलं, कॉलेजला पाठवलं. आता ती हिरड्याच्या कारखान्यात जात होती. भोरच्या डोंगरातला हिरडा कातडी कमवायला लागतो. तो वाळवून, दगडावर ठेवून लाकडी मोगरीने फोडायचा, बी बाजूला, साल पाटीत. सगळं काम बायकांचं, आणि त्यातल्या निम्म्या हिर्डोशीकडच्या, ठकुआत्यानेच आणलेल्या. सगळ्यांचे हात हिरड्याने काळे पडलेले. आत्याचं वय झालं होतं, पण हा कारखाना सोडला तर तिला दुसरा आसरा नव्हता. हिर्डोशीला दिराच्या दारात जाऊन पडायचं, एवढंच उरलं असतं, आणि त्या दिराने तिला कसं वागवलं होतं ते भोरला माहीत होतं.

तिनेच एक दिवस निरोप दिला. "आनंदा, आमच्या मालकाला शिकल्याला मानूस पायजेल. बघ जाऊन."

लढाई सुरू झाली होती. फौजेच्या बुटांना कातडं, कातड्याला हिरडा, असा मालकाचा धंदा तेजीत आला होता. मालक पुण्याचा, हुशार, आणि वाचनाचा नाद असलेला. त्याने कुठल्याशा अमेरिकन इंजिनिअराच्या पद्धतीबद्दल वाचलं होतं. कामगाराकडे बारकाईने बघायचं, हात कुठं फुकट फिरतो ते टिपायचं, आणि त्यावरून दिवसाचं काम ठरवायचं. शास्त्रीय व्यवस्थापन! हे शब्द तो असे उच्चारायचा की जणू देवघरातला मंत्र.

त्याने आनंदरावांचा अर्ज वाचला आणि हसला. "म्हशींच्या वागणुकीचं निरीक्षण? वा! म्हशी बघता येतात तर माणसं का नाही बघता येणार?"

आनंदरावांच्या कानशिलापर्यंत राग चढला. पण घरी डबे रिकामे होते. ते म्हणाले, "येतील. पण माझ्या पद्धतीने बघीन. घाईने नाही."

"बघा हो, तुमच्या पद्धतीने बघा. मला दिवसाच्या पाट्या ठरवून द्या, म्हणजे झालं."

झालं! भोंगवलीत बातमी पोचली तेव्हा चावडी म्हणाली, "आदी म्हशी बघायचा, आता बाया बघतो. चढती कमान हाय गड्याची!"

आनंदरावांनी मात्र मनाशी पक्कं ठरवलं होतं. नोकरी पोटासाठी असली तरी काम खरं करायचं. बायका रोज जेवढं सुखाने फोडतात तेवढंच दिवसाचं काम म्हणून लिहून द्यायचं, म्हणजे मालकाची हाव आपसूक बांधली जाईल, आणि आत्यासारख्या म्हाताऱ्या बायकांची जागाही राहील. एकदा कागदावर आलं की मालकालाही त्याच्या पुढे बोलता येणार नाही. किती चांगला बेत होता! ते म्हादूची घोंगडी घेऊन कारखान्याच्या कोपऱ्यात जाऊन बसले.

आणि पहिल्याच दिवशी बायकांचे हात असे चालू लागले की बघत राहावं. मोगऱ्यांचा एकच धडाका. कुणी बोलायला थांबेना, कुणी तंबाखूची मिशरी लावीना. मधे ठकुआत्या बसलेली, ती कापणीच्या भलरीसारखं काहीतरी गाणं म्हणायची आणि बाकीच्या त्या तालावर फोडायच्या. पाट्यांवर पाट्या भरत होत्या. आनंदरावांना वाटलं, वा, काय कसबी बायका आहेत! त्यांनी सगळं प्रामाणिकपणे टिपलं. आठवडाभर हेच. त्यांच्या मनात एकदाही पाल चुकचुकली नाही. जनावरांच्या बाबतीत जे बोट धरून शिकले होते ते माणसांच्या बाबतीत साफ विसरले. घोंगडी पांघरली म्हणजे झालं, असं वाटलं त्यांना! अहो, म्हशींना नाव-गाव माहीत नव्हतं ह्यांचं. ह्या बायकांनी तर त्यांना चड्डीत बघितलं होतं.

आठवडा संपला, टिपण मालकाच्या हातात पडलं, आणि त्याच संध्याकाळी कारखान्याच्या दारात ठकुआत्या त्यांची वाट बघत उभी होती. तिच्याबरोबर फुलाबाई, हिर्डोशीचीच, तोंडाने मोठी.

"मग आनंदा," आत्या म्हणाली, "जेवान कदी घालतोस?"

"कसलं जेवण?"

"ऐका!" फुलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "म्हनं कसलं! हप्ताभर हात मोडंस्तवर फोडलं ते काय मालकासाठनं? तुमची परीक्षा हाय, म्हनलं, आपल्या ठकुबाईचा भाचा हाय, त्याला यश यायला पायजेल. इर्जिकच केली की आमी तुमची!"

इर्जिक! डोंगरात ज्याचं शेत मागं पडलं त्याच्या शेतात सगळी वाडी उतरते. मजुरी नाही, काही नाही, एका जेवणावर. आणि त्या दिवशी माणसं जशी राबतात तशी स्वतःच्या शेतातही राबत नाहीत. ईर्षा असते, गाणं असतं, शेजाऱ्याची इभ्रत राखायची असते. तो जोर एका दिवसाचा असतो. दुसऱ्या दिवशी सगळी वाडी अंग धरून पडून असते. ह्या बायकांनी तो हट्टाने आठवडाभर रेटला होता.

"आत्या, काय केलंत हे! अगं, ती माझी परीक्षा नव्हती! मालक आता एवढंच काम रोज मागेल!"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. "मालक काय येडा हाय व्हय?" आत्या म्हणाली. "इर्जिकीच्या कामावरनं कुनी रोजचं काम धरतंय का?"

डोंगरातलं शेंबडं पोरसुद्धा असं धरणार नाही. पण मालक डोंगरातला नव्हता ना!

आनंदराव तसेच धावत मालकाकडे गेले. ते टिपण खोटं आहे, म्हणाले. बायकांनी माझ्यासाठी जोर लावला. मालकाने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे जोर लावला तर एवढं होतं. हेच तर मला हवं होतं."

"साहेब, हा चार दिवसांचा जोर आहे. जनावर धावतंय तेव्हा मोजून ते रोज तेवढंच धावेल असं—"

"आनंदराव, तुमची आत्या आहे ना त्यात?" मालक म्हणाला. आनंदरावांनी मान डोलावली. "मला वाटलंच. बरं, तुमच्या मनाचं समाधान करू. पुन्हा बघू. ह्या खेपेला मी स्वतः बसतो तुमच्या शेजारी. म्हणजे तुमच्यावरही बालंट नको आणि माझ्यावरही नको."

बुडत्याला काडी मिळाली. आनंदराव बायकांच्या घोळक्यात गेले आणि हात जोडून उभे राहिले. "बायांनो, तुमच्या पाया पडतो. उद्या दमानं घ्या. रोजच्यासारखं करा. मधे उठा, पाणी प्या, बोलत बसा. मला काही घाई नाही."

हे बोलले आणि घात झाला. का ते सांगायला पाहिजे. इर्जिकीला आलेल्या माणसांना यजमान अगदी हेच म्हणतो. "दमानं घ्या, पाव्हनं. पानी प्या. घाई न्हाई." ती रीतच आहे. यजमानाने असं म्हणायचं, आणि त्याने असं म्हटलं की राबणाऱ्याने अजून नेट लावायचा, ही त्यावरची रीत. जो यजमान इतका सौजन्याचा, त्याच्यासाठी मरमर राबलं पाहिजे! बायकांचे डोळे पाणावले. फुलाबाई म्हणाली, "बघा, शिकून बी रीत सोडली न्हाई पोरानं." आनंदरावांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, "रीत नाही गं, खरंच सांगतोय!" तेही यजमान म्हणतोच.

आणि दुसऱ्या दिवशी समोर खुद्द मालक खुर्ची टाकून बसलेला! म्हणजे आनंदाची थोरली परीक्षा. मग काय विचारता. पहिला आठवडा परवडला असा धडाका लावला त्यांनी. आनंदराव घोंगडीत बसून दात-ओठ खात होते. डोळ्यांनी खुणावत होते, हाताने 'हळू, हळू' करत होते. ठकुआत्या वर बघायची, हसायची आणि मोगरी अजून जोरात आपटायची. ती बसल्या जागी घामाने भिजली होती. तिची मोगरी मधूनच नेम चुकून नुसत्या दगडावर पडत होती हे त्या सगळ्या कारखान्यात एका आनंदरावांनाच दिसत होतं, आणि त्यांना उठून ओरडावंसं वाटत होतं, "अगं थांब की गं माझे आई!" एकदा उठलेही. "आत्या, पुरे!" म्हणाले. "व्हय, व्हय, पुरं करतेच," ती म्हणाली, आणि पुढची पाटी ओढली.

संध्याकाळी मालकाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "मानलं तुम्हाला. तुम्ही तर कमीच लिहिलं होतं!"

पुढच्या सोमवारपासून रोजीला तेवढ्या पाट्या ठरल्या. ज्या बाईच्या भरतील तिला रोजी, जिच्या भरणार नाहीत तिने घरी बसावं. आनंदरावांनी राजीनामा नेऊन मालकासमोर ठेवला. मालक म्हणाला, "तुम्ही गेलात तरी पाट्या तेवढ्याच राहतील. उलट राहिलात तर पुढंमागं काही करता येईल. मी तुम्हाला व्यवस्थापक करतोय. पगार वाढवतोय." कागद परत खिशात घालून घरी आले तर रतनबाई, पोटुशी, ओसरीवर बसलेली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बघायचं काम सोडलं तर दुसरं काय येतंय तुमाला?" हा प्रश्न होता, टोमणा नव्हता. राजीनामा खिशात तसाच राहिला.

ठकुआत्याने तरी नेट धरला. जुन्या दमाची बाई! पण इर्जिक रोज होत नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्या पाट्या मागं पडल्या. तिच्यामागं दोघी-तिघी म्हाताऱ्या पडल्या. आठवड्याच्या शेवटी मालक म्हणाला, "कुणाकुणाला काढायचं ते तुम्हीच सांगून या, आनंदराव. तुमचं ऐकतात त्या."

आनंदराव गेले. आत्याने आधीच पदर खोचून आपली मोगरी फडक्यात गुंडाळली होती.

"आत्या," ते म्हणाले.

"कळलं मला. तोंड कशाला पाडतोस? मालक येडा निघाला, त्याला तू काय करनार." तिने त्यांच्या कोटाकडे बघितलं, नवा होता. "पन तू पास झालास न्हवं?"

"झालो, आत्या."

"मग झालं तर. आता बायांचं जेवान तेवढं ऱ्हायलंय बघ. म्या हिर्डोशीला जायच्या आदी घाल. इर्जिकीचं जेवान मागं ठिवू नये मानसानं."

रविवारी रतनबाईने पुरण घातलं. अंगणात पंगत बसली. कामावर राहिलेल्या बायका आल्या, काढून टाकलेल्याही आल्या, आणि कोण कुठली ते बसण्यावरून काही कळत नव्हतं. रीतीप्रमाणे यजमान स्वतः वाढत होता. वाकून, एकेका ताटात. सगळे हात काळे, हिरड्याचे.

"काय गं सूनबाई," ठकुआत्या पहिल्या घासाला रतनबाईला म्हणाली, "सायेब केला का न्हाई आमी तुज्या नवऱ्याला?"

बायका हसल्या. आनंदराव पोळीचं ताट घेऊन पंगतीच्या मधोमध उभे राहिले. सगळं आयुष्य ज्यांनी बघण्यात घातलं, त्यांना त्या पंगतीकडे मान वर करून बघवेना.

"वाढ की रं आनंदा," ठकुआत्या म्हणाली. "थांबलास का? पंगत खोळंबलीया."